मधली मोकळी जागा

बसा, एका कमांडची गोष्ट सांगतो. नदीमोजणीच्या कचेरीत ताईंनी एकोणीस वर्षं रोज पाणी मोजून ‘नोंदी’ फोल्डरात लिहिलेलं. डिस्क भरली तेव्हा त्या सर्व्हरवाल्या भाऊला म्हणाल्या, “‘नोंदी जुन्या’ नावाचं रद्दी फोल्डर काढ. माऊसनं काढ रे, तिथं ‘नक्की ना?’ विचारतात तरी.” “विचारायला मशीन काय माझी बायको आहे? माऊस पोराटोरांना!” भाऊ म्हणाला. ताई हसत चहा आणायला गेल्या. भाऊनं पुसायची कमांड फोल्डरच्या नावासकट टाइप केली. उत्तर आलं: ‘जुन्या’ सापडत नाही. मधल्या मोकळ्या जागेमुळं मशीननं दोन नावं वाचलेली, आणि ‘नोंदी’ मुकाट्यानं पुसलेलं. दुसरी प्रत काढायला तो दोन वर्षं ‘उद्या’ म्हणत होता. कप वाजतायत, ताई येतायत. फोल्डर परत आणता येतं का ते भाऊ बघतोय; तोवर तुम्ही जरा त्यांना दारातच बोलण्यात गुंतवता का?