डोक्यापर्यंतचा अभ्यास

काल सकाळी मुलींचं नर्सिंग कॉलेज पुन्हा उघडलं. म्हणजे उघडलं नाहीच. दारावरचं सील उंदरांनी खाल्लं, अशी नोंद गव्हर्नरसाहेबांचा कारकून या नात्याने मीच केली आहे.

साहेबांच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. पुरुष डॉक्टरने बाईला तपासायचं नाही, हा साहेबांचाच हुकूम. मुलींनी शिकायचं नाही, हाही त्यांचाच.

"बाई डॉक्टर आणा!" ते ओरडले.

"साहेब, शेवटची आपणच घरी बसवलीत," मी म्हणालो.

मग घरी बसवलेल्या विद्यार्थिनींपैकी पलवशा आली. लेकीला तपासून म्हणाली, "चाचा, बाळाचं डोकं बाहेर येईपर्यंतचं आम्हाला शिकवून झालंय. पुढचं पुस्तक तुमच्या सीलमागे आहे."

साहेबांनी स्वतः बत्त्याने कॉलेजचं कुलूप सीलसकट तोडलं. नात टाहो फोडत आली. ते दोन मिनिटं रडले आणि दुपारी नवं सील लावून आले. पुस्तक पलवशाकडेच राहिलं. माझ्या नोंदीत तेही उंदरांनीच खाल्लंय.

मग त्यांनी मला मंत्रालयाला पत्र लिहायला लावलं: "पुढच्या बाळंतपणाआधी आमच्याकडे एक अनुभवी, परंतु पूर्णतः अशिक्षित, महिला डॉक्टर पाठवण्यात यावी, ही नम्र विनंती."