दुरुस्ती सोमवारी

दारात उभ्या म्हाताऱ्या चित्रकारांना बघून वर्तमानपत्रात ‘आगामी कार्यक्रम’ लिहिणाऱ्या बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. परवाच बाईंनी त्यांच्या प्रदर्शनाची बातमी छापली होती. एका जुन्या स्मृतिप्रदर्शनाच्या मजकुरात नावं बदलताना ‘कै.’ तेवढं पुसायचं राहिलं आणि जिताजागता माणूस बातमीत दिवंगत झाला. “बसा ना काका,” बाई कशाबशा म्हणाल्या. “माझ्या हातून घोडचूक झाली. उद्याच दुरुस्ती छापते.” काकांनी पिशवीतून प्रदर्शनाची अभिप्रायवही काढली. “मी तापानं घरी पडलेलो. रखवालदारानं ही आणून दिली. वाचा.” बाईंनी पान उघडलं. ‘बाबा, चौदा वर्षांचा अबोला सोडायला उशीरच झाला. रविवारी आईला घेऊन येते.’ खाली कालची तारीख होती. “दुरुस्ती छापा, पण सोमवारी,” काका म्हणाले. “जिवंत आहे कळलं तर लेक यायची नाही. रविवारपर्यंत मला मेलेलाच राहू द्या.”