शत्रूचं संगीत

गावच्या वाचनालयानं जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचं दालन उघडलं आणि त्यात सगळ्यात मोठी देणगी ओनोदेराची निघाली, तेव्हा म्हाताऱ्या फुमिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच ओनोदेराचा बाप जपान-अमेरिका युद्धाच्या काळात त्यांच्या आळीचा प्रमुख होता. 'शत्रूचं संगीत घरात ठेवता' म्हणून त्यानं तिच्या वडिलांच्या सगळ्या अमेरिकन तबकड्या उचलून नेल्या होत्या आणि त्या फोडून टाकल्या, असं चारचौघांत ठणकावून सांगितलं होतं.

"लाव की तुझ्या बापाचं एखादं युद्धगीत," ती भर समारंभात म्हणाली. "कळू दे लोकांना, कसल्या कचऱ्याला कपाट दिलंय ते."

ओनोदेरानं ओठ आवळून एक तबकडी लावली. बापानं मागं ठेवलेल्या या तबकड्या त्यानं कधी ऐकल्याच नव्हत्या. लेबलावर सम्राटाच्या सैन्याचं कूचगीत होतं. कर्ण्यातून मात्र अमेरिकन सॅक्सोफोन वाजू लागला.

त्याचे डोळे भरून आले. "वरून खोटं लेबल चिकटवलंय. म्हणजे बाबांनी जीव धोक्यात घालून हे जपलं. ऐकताय ना, फुमिएसान? आता तरी त्यांची माफी मागा."

फुमिए डोळे मिटून ऐकत होती.

"जरा दम धर," ती म्हणाली. "आता एक बाई गायला लागेल आणि दुसऱ्याच ओळीला सुई अडकेल. लहानपणी मी तिथं केसातली पिन ओढली होती."

 

सुई अडकली.