पाठमोरी नायिका

“थप्पड बसल्यावर जरा लाजा, चेची. मार खाऊन सुखावलीय ती,” काचेपलीकडून दिग्दर्शक जिजो म्हणाला.

वत्सला, स्टुडिओत सगळ्यांची चेची म्हणजे थोरली ताई, माइकसमोर उभी होती. जिऱ्याचं कोमट पाणी पिऊनही वाक्य घशाबाहेर येईना. खरं तर ते नवं नव्हतं. सिनेमाच्या पहिल्या भागात नायिकेला आवाज देताना तिनंच ते म्हटलं होतं: ‘मारलंत, म्हणजे मला आपलं मानलंत.’ त्यावर अख्ख्या केरळात शिट्ट्या पडल्या. लग्नात बायका ते म्हणून नवरीला चिडवत, देवळाच्या उत्सवात नकलाकार त्यावर हशा पिकवत. आता दुसरा भाग निघाला होता आणि ते वाक्य हवंच, असा नायकाच्या चाहत्यांचा हट्ट होता. नायिका नवी, कोवळी. आवाज मात्र जुनाच. पडद्यावर न दिसणाऱ्या बाईचं वय कोण विचारतो?

काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बशीरच्या शेजारी वत्सलाची लेक हरिता बसली होती. पायाशी बॅग, गाल सुजलेला. परवा माहेरी आली आणि आज दुपारच्या बसनं पालक्काडला, त्याच नवऱ्याकडे परत निघाली होती. आईनं समजावलं, बाप रागावला, पण पोरीचं पालुपद एकच: मी जाते. आईचा जीव तीळ तीळ तुटत होता.

“हे वाक्य मी म्हणणार नाही,” वत्सला म्हणाली.

“अहो चेची, सिनेमा आहे. लोक शिट्ट्या मारतात, घरी जाऊन माशाचं कालवण ओरपतात आणि विसरतात. यातून कोण काय शिकतं?” जिजो हसला. “नाहीतर दुसरी बाई बोलवतो. कोचीत आवाजांचा काय दुष्काळ पडलाय?”

“खुशाल बोलव. त्याआधी एकदा लाव, बशीर.”

पडदा उजळला. थप्पड बसली. नायिका भिंतीकडे वळली, आता तिची फक्त पाठ दिसत होती. ओठ दिसत नसले की आवाज देणारीला रान मोकळं. वत्सलानं पडद्याकडे पाहिलंच नाही. काचेकडे बघत ती म्हणाली, “हा हात पुन्हा उठला, तर बेडीत जाईल.” आवाज चढला नाही, थरथरलाही नाही.

“हे कोणाला ऐकवताय?” जिजो भडकला. “चाहते थिएटरात पडदा फाडतील.”

“फाडू देत. सिनेमातून कोण शिकतं, असं विचारलंस ना? ती बघ, तुझ्या शेजारीच बसलीय. परत का जातेस, म्हणून सकाळी विचारलं, तर तिनं पहिल्या भागातलं तेच वाक्य मला ऐकवलं. श्वाससुद्धा मी घेतला होता तिथंच घेतला.”

जिजोनं शेजारी पाहिलं आणि मान खाली घातली. बशीर कसंनुसं म्हणाला, “चेची, आत्ताचं पुसून टाकू?”

“पुसू नका, बशीरइक्का,” हरिता म्हणाली. “परत लावा. मला ते पाठ करायचंय.”