गाडी ऐकू यायला नको

“नुसता मागचा सायलेन्सर बदलू, की मधला डबाही?” मेकॅनिकने जुन्या गाडीखालून विचारलं.

“दोन्ही बदला. सांध्यांची पॅकिंग आणि टांगायची रबरंही नवी टाका. गल्लीत शिरल्याचं कुणाला कळता कामा नये.”

“चोरी करायला निघालात की काय, साहेब?”

“स्वतःच्याच घरी,” तो म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

शेजारच्या काकूंनी सहज विचारलं होतं, “तुमची बायको रोज कुणाशी हो एवढी खिदळत असते? तुमच्या गाडीचा आवाज आला की चिडीचूप!” तेव्हापासून संशयाचा किडा त्याच्या डोक्यात वळवळत होता. त्याच्यासमोर ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. घरात तिच्याशिवाय फक्त त्याची आई, आणि सासू-सुनेचा तर छत्तीसचा आकडा. त्यांची भांडणं मिटवायला तो हल्ली ऑफिस सुटताच घर गाठायचा. मग तिला हसवणारा हा कोण?

त्या संध्याकाळी गाडी दाराशी येऊन उभी राहिली, तरी आतलं हसणं थांबलं नाही. तो खिडकीशी वाकला. बायको आईच्या मांडीवर डोकं टेकून पोट धरून हसत होती. खोलीत तिसरं कुणीच नव्हतं.

 

“पुरे गं, ऊठ आता,” आई सुनेला म्हणाली, “त्याची यायची वेळ झाली, तोंड फुगवून बस, आपलं गूळपीठ कळलं, तर पुन्हा ऑफिसातच मुक्काम ठोकेल तो.”