स्वच्छ प्रत

हिरवा दिवा लागला, तसा तिच्या जिवात जीव आला. बाबा एकदाचे मशीनमध्ये गेले. आता त्यांना ना वाळवी लागणार, ना ओल.

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात कामाची पद्धत ठरलेली होती. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडाची पाठ कापायची, सुटं पान स्कॅनरच्या काचेवर ठेवायचं आणि प्रत निघाल्याचा हिरवा दिवा लागला की ते भिंतीतल्या झडपेतून खाली टाकायचं. खाली त्याचा भुगा होई.

हा खंड तिने गोड बोलून आपल्या टेबलावर मागून घेतला होता. त्यात चौकातल्या मोर्चाचा फोटो होता आणि पुढच्याच रांगेत हात वर केलेले बाबा. त्या मोर्चातून ते घरी आलेच नाहीत. भीतीपायी आईने घरातले त्यांचे सगळे फोटो जाळले. त्याबद्दल तिने आईला कधी माफ केलं नव्हतं.

पान टाकण्याआधी तिने सहज पडद्यावरच्या प्रतीकडे पाहिलं. चौक होता, दुकानांच्या पाट्या होत्या, दिव्याचा खांबही होता. माणूस मात्र औषधालाही नव्हता. रस्ता नुकताच धुतल्यासारखा लख्ख.

तिने पान पुन्हा काचेवर ठेवलं. पुन्हा हिरवा दिवा, पुन्हा रिकामा चौक.

"अडलं का काही?"

मागे साहेब उभे होते. पावलं वाजत नाहीत म्हणून सगळ्याजणी त्यांना बोका म्हणत. आज तिला हसू आलं नाही.

"साहेब, यातली माणसं गेली."

"डाग असतील. मशीन डाग काढतं, ताई." पानाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, तिच्याकडेच बघत राहिले. "तुमच्या ओळखीचं होतं का कुणी त्यात?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. एव्हाना लेक शाळेतून घरी आली असेल, एकटीच असेल.

"छे हो," ती म्हणाली. "माझ्या कुठलं ओळखीचं?"

"मग ठीक." पण ते हलले नाहीत.

ती झडपेपाशी गेली. पान हातातून सुटेना. साहेबांनी पुढे होऊन झडप उघडून धरली, अगदी अदबीने.

फोटो जाळताना आईच्याही हातून ते असेच सुटत नसतील, हे तिला आज पहिल्यांदा सुचलं. तिने बोटं सोडली. खाली यंत्र करकरलं.

"चला," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "पुढचं पान घ्या."