अकरा किलो

काट्यावर पिशवी अकरा किलो भरली. विद्यापीठाच्या हरित कक्षाच्या लू साहेबांनी काटा हलवून पाहिला, पिशवी उतरवून पुन्हा ठेवली. अकराच.

"बाकीचा कुठाय, मावशी?"

"बाकीचा म्हणजे?" रसायन विभागाची झाडलोट करणाऱ्या श्यू-चिन मावशींनी हातमोजे काढत विचारलं.

"कचरा. मागच्या सत्रात तुमच्या इमारतीचा रोज साठ किलो निघायचा."

"फान मॅडम पोरांना सांगतात, आपापला डबा आणा, पेला आणा."

"आणि पोरं ऐकतात?"

"तुमच्या मुख्य इमारतीत साहेब लोक ऐकतात, मग पोरांनाच काय झालं?"

लू साहेबांनी वहीत अकरा लिहिलं. वरच्या ओळीत मुख्य इमारतीचे चौदा होते. दोन वर्षं सगळ्या विद्यापीठात तिचाच कचरा कमी भरत आला होता. तिथे रोज तीन बैठका होत, त्यातली एक तरी शाश्वत विकासावर, आणि प्रत्येक बैठकीला कागदी डब्यातलं जेवण. तरी चौदा. बाहेरगावची मंडळी रहस्य विचारायला येत. लू साहेब म्हणत, "शिस्त."

शुक्रवारी निकाल होता. ज्या इमारतीचा कचरा सगळ्यात कमी, तिचा प्रतिनिधी नव्या हरित परिसर केंद्राचा संचालक होणार, असं कुलगुरूंनी जाहीर केलं होतं. मुख्य इमारतीचे प्रतिनिधी लू साहेब, रसायनच्या डॉ. फान. लू साहेबांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि संचालकाच्या खोलीतून तळं दिसत होतं. फान मॅडमना नोकरीला लागूनच चार वर्षं झाली होती. त्यांनी ती खोली आतून पाहिलीही नव्हती.

कचरा असा घटत नाही. माणसं प्रतिज्ञा घेतात, कापडी पिशवी घेतात, पिशवीसकट फोटो काढून घेतात. कचरा होतो तेवढाच होतो. या बाबतीत लू साहेबांइतका अनुभव विद्यापीठात दुसऱ्या कोणाला नव्हता.

म्हणून त्यांनी शोध सुरू केला. शेजारच्या इमारतींच्या डब्यांत भर पडली होती का? नाही. काट्यात खोट होती का? घरून तांदळाची दोन किलोची पिशवी आणून ठेवली, बरोबर दोन भरली. मग त्यांचं लक्ष चाकांकडे गेलं.

रसायन विभागाच्या चौघी सफाईवाल्या सकाळी भाजीबाजाराची चाकांची पिशवी ओढत यायच्या. रिकामी. संध्याकाळी त्याच पिशव्या परत निघत तेव्हा चाकं कण्हत.

"बाजार झाला वाटतं?" बुधवारी साहेबांनी फाटकाशी मावशींना गाठलं.

"झाला की."

"काय घेतलंत?"

"कोबी."

"रसायन विभागात कोबी पिकतो?"

"तुमच्या बैठकीत काय काय पिकतं साहेब, आम्ही कधी विचारलंय?"

गुरुवारी साहेब मावशींच्या बसमागे निघाले. हरित कक्षाचे प्रमुख म्हणून त्यांनी खरं तर सायकलच चालवायची, पण कंबर दुखायची, म्हणून मोटार. तिच्या काचा ते थंडीतही खाली ठेवत. बायको अलीकडे गाडीत नाकाला रुमाल लावून बसायची.

साडेसहाला मावशी आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्या. तिथे सगळी गल्लीच उभी होती, हातात एकेक पिशवी, तोंडात दिवसभराच्या चौकशा. लांबून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू येत होतं. गाडी तीन मिनिटं थांबते; चुकलं त्याचा कचरा त्याच्याच घरी मुक्कामाला. मावशींनी चाकांच्या पिशवीतून महापालिकेच्या दोन निळ्या पिशव्या काढल्या.

"कोबी दाखवा," मागून साहेब म्हणाले.

मावशी दचकल्या, पण पळाल्या नाहीत. त्यांनी गाठ सोडली. आत चहाचे कागदी पेले, नूडल्सच्या वाट्या, प्रयोगशाळेतले पातळ हातमोजे.

"फान मॅडमनी सांगितलं?"

"त्यांना कुठलं कळायला! त्या बिचाऱ्यांना वाटतं, पोरं सुधारली."

"मग कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. ज्या इमारतीचा कचरा घटणार नाही तिथली दोन माणसं कमी होतील, असं पत्रक लावलंत ना? खाली सही तुमची. आम्ही चौघी. कोणत्या दोघी, तेवढंच लिहायचं राहिलं होतं."

"ही फसवणूक आहे, मावशी. विद्यापीठाची, शहराची, पृथ्वीची!"

"पृथ्वीचं काय जातंय साहेब? कचरा तोच. नुसता बसने येतो."

भोवतालचे दोघेतिघे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला.

"माझा काय काढायचा तो फोटो काढा," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "पण त्या तिघींची नावं घेऊ नका. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलाय."

"समितीपुढे सत्य जायलाच हवं," साहेब म्हणाले. "पिशवी जरा वर धरा. पेल्यांवरचं नाव दिसू दे."

मावशींनी पिशवी वर धरली. गाणं वाजवत पिवळी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. साहेबांनी फोन नीट धरला. चौकटीत मावशी आल्या, पिशवी आली, गाडीही आली. उद्याचं तळं एका बोटावर आलं होतं.

"अहो लू साहेब!" गाडीच्या मागच्या पायरीवरून कामगाराने खाली उडी मारली. "आज या गल्लीत? तिकडे पुलाखाली तुमच्यासाठी थांबून थांबून आलो की! चला, उघडा डिकी पटकन. मुख्य इमारतीच्या रोजच्या पाचच आहेत ना?"